पुन्हा पुन्हा उद्भवणारा जठरव्रण : झॉलिंजर-एलिसन विकाराची ओळख

आपल्या घरांतून पोटाच्या दुखण्याला सहसा फार गंभीर मानले जात नाही. जेवणानंतर छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले, पहाटे पोटात आग पडून जाग आली, की ‘पित्त झाले’ असे म्हणून विषय संपविला जातो. कोणी थंड दूध घेते, कोणी ओव्याची चिमूट तोंडात टाकते, कोणी औषधाच्या दुकानातून गोळी मागून आणते. एवढ्याने दुखणे थांबले नाही, तर मग दोष शोधला जातो आणि तो बहुधा रुग्णाच्या वागण्यात सापडतो. ठेचा फार खातो, वेळेवर जेवत नाही, रात्री जागतो, नसत्या चिंता करतो, चोरून पीत असेल, अशी कारणे घरचे, शेजारचे आणि कधी कधी उपचार करणारेही सांगू लागतात.

या समजुतींपैकी काहींत थोडेफार तथ्य आहे, पुष्कळांत नाही. मात्र जठरातील व्रण, म्हणजे आपण ज्याला सर्रास अल्सर म्हणतो तो, योग्य औषध घेऊनही पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, तर त्याचे कारण रुग्णाच्या स्वभावात शोधणे थांबवून शरीरात शोधावे लागते. वैद्यकशास्त्राला हा धडा ज्या विकाराने अत्यंत स्पष्टपणे शिकविला, त्याचे नाव झॉलिंजर-एलिसन विकार. तो दुर्मिळ आहे. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात कधी पाहावयासही मिळणार नाही. तरीही त्याची ओळख करून घेणे उपयुक्त आहे, कारण त्याच्या निमित्ताने जठरातील आम्ल कसे तयार होते, व्रण का होतो आणि कोणत्या वेळी गोळीवर समाधान न मानता पुढील तपासणीचा आग्रह धरावा, हे सारे नीट उलगडते.

पित्त आणि आम्ल

प्रथम शब्दांचा एक घोटाळा दूर करू. बोलीभाषेत आपण ज्या जळजळीला पित्त म्हणतो, ती बहुतेक वेळा पित्तरसामुळे होत नाही. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनासाठी लहान आतड्यात येतो. जळजळ करणारा पदार्थ वेगळा आहे. तो जठराच्या भिंतीतील पेशींनी तयार केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल होय. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत जे आम्ल आपण जपून हाताळीत होतो, त्याच जातीचे आम्ल आपले जठर दररोज स्वतः तयार करीत असते.

हे आम्ल शरीराला आवश्यक आहे. ते अन्नातील प्रथिनांच्या पचनाला आरंभ करून देते आणि अन्नाबरोबर आलेल्या पुष्कळशा जंतूंचा नाश करते. मग ते जठरालाच का जाळीत नाही? जठराच्या आतील अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या थरात आम्लाचा प्रभाव नाहीसा करणारा क्षार स्रवत असतो. पुढे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, ज्याला ग्रहणी म्हणतात, स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस येऊन मिळतो आणि जठरातून आलेल्या आम्लाचे शमन करतो. आम्ल आणि संरक्षण यांचा हा तोल टिकून असेपर्यंत आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. संरक्षण दुबळे झाले किंवा आम्ल बेसुमार वाढले, की अस्तराला खोल जखम होते. तोच व्रण.

आम्ल किती तयार व्हावे हे ठरविणारी व्यवस्थाही मोठी चोख आहे. जठराच्या शेवटच्या भागातील काही विशिष्ट पेशी अन्न आले की गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागाला संदेश देणारे रसायन. हा संदेश पोहोचला की जठराच्या भिंतीतील दुसऱ्या पेशी हिस्टामीन सोडतात आणि त्या चेतनेने आम्ल तयार करणाऱ्या पेशी कामाला लागतात. आम्ल पुरेसे झाले की सोमॅटोस्टॅटिन नावाचे तिसरे रसायन गॅस्ट्रिनचा स्राव रोखते. विहिरीवरची मोटार टाकी भरताच आपोआप बंद व्हावी, तशी ही योजना आहे. ज्या विकाराविषयी आपण बोलत आहोत, त्यात मोटार बंद करणारी ही कळच निकामी झालेली असते.

नेहमीच्या व्रणाची दोन कारणे

दुर्मिळ विकाराकडे वळण्यापूर्वी नेहमीची कारणे सांगणे आवश्यक आहे, कारण बहुसंख्य रुग्णांचे दुखणे त्यांतच सापडते.

पहिले कारण एक जंतू आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे नाव. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी या जंतूचा व्रणाशी असलेला संबंध उघड केला. त्या काळी व्रण हा ताणतणावाचा आणि तिखट खाण्याचा रोग मानला जात असे. जठराच्या तीव्र आम्लात जंतू जगू शकतो, हेच पुष्कळांना पटेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे मिश्रण स्वतः पिऊन दाखविले आणि त्यांच्या जठराला दाह झाला. २००५ साली या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू बहुधा बालपणीच, घरातील निकटच्या सहवासातून किंवा अशुद्ध पाण्यातून शरीरात शिरतो. भारतात त्याचा प्रसार मोठा आहे, परंतु तो असणाऱ्या प्रत्येकाला व्रण होतो असे नाही. ज्यांना होतो, त्यांना दोन किंवा अधिक प्रतिजैविके आणि आम्लरोधक औषध यांचा दहा ते चौदा दिवसांचा उपचार नियमाने घेतल्यास व्रण बरा होतो आणि तो परत येण्याचे प्रमाण पुष्कळच घटते.

दुसरे कारण आपल्या भागात विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ते म्हणजे वेदनाशामक गोळ्या. हळदीची काढणी, सोयाबीनची कापणी, ऊसतोड, बांधकामावरील ओझी यांनी पाठ, गुडघे आणि मनगटे दुखू लागली की डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. जठराच्या अस्तराचे रक्षण ज्या रसायनांमुळे होते, त्यांची निर्मिती या गोळ्या कमी करतात. रिकाम्या पोटी, दीर्घकाळ आणि कोणाच्याही सल्ल्याविना त्या घेतल्या तर व्रण होतो आणि प्रसंगी कोणतीही पूर्वसूचना न देता त्यातून रक्तस्राव सुरू होतो.

तिखटाविषयी म्हणावयाचे तर, मिरचीने आधीच असलेली जळजळ वाढू शकते, परंतु केवळ ठेचा खाल्ल्याने व्रण होतो असे आढळलेले नाही. तंबाखू मात्र खरोखर अपायकारक आहे. धूम्रपानाने व्रण भरून येण्यास विलंब होतो.

आता प्रश्न असा की, जंतू नाही, वेदनाशामक गोळ्या नाहीत, आणि तरीही व्रण बरा होत नाही, तेव्हा काय समजावे?

कोलंबसमधील दोन रुग्ण

हाच प्रश्न १९५५ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कोलंबस शहरात रॉबर्ट झॉलिंजर आणि एडविन एलिसन या दोन शल्यचिकित्सकांनी विचारला. ओहायो स्टेट विद्यापीठात काम करणाऱ्या या दोघांच्या समोर दोन स्त्रियांची उदाहरणे होती. एक ३६ वर्षांची, दुसरी अवघी १९ वर्षांची. दोघींनाही व्रण होता, पण नेहमीच्या जागी नव्हता. तो ग्रहणीच्याही पुढे, लहान आतड्याच्या मधल्या भागात होता, जेथे एरवी व्रण क्वचितच आढळतो. त्या काळच्या पद्धतीनुसार जठराचा भाग काढून टाकण्यात आला, आम्लाला चेतना देणारी मज्जातंतूची शाखा छेदण्यात आली, तरी आम्लाचा पूर थांबला नाही. एका शस्त्रक्रियेनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, आणि प्रत्येक वेळी व्रण नव्या ठिकाणी डोके वर काढी.

या दोघींच्याही स्वादुपिंडात लहान गाठी आढळल्या. स्वादुपिंडात लँगरहॅन्सची द्वीपके नावाचे पेशींचे बारीक पुंजके असतात. मधुमेहाच्या संदर्भात आपण ज्या इन्सुलिनचे नाव ऐकतो, ते तेथेच तयार होते. या गाठी द्वीपकांतील पेशींसारख्या होत्या, परंतु इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या नव्हत्या. झॉलिंजर आणि एलिसन यांनी त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या सभेपुढे आपला तर्क मांडला. स्वादुपिंडातील ही गाठ रक्तात एखादे द्रव्य सोडीत असावी आणि ते द्रव्य जठराला सतत आम्ल तयार करावयास भाग पाडीत असावे, असा तो तर्क होता. तीव्र आणि हट्टी व्रण, आम्लाचा अतिरेक आणि स्वादुपिंडातील गाठ या तीन गोष्टी एकत्र येणे म्हणजे एक स्वतंत्र विकार आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. लवकरच त्या विकाराला त्या दोघांचे नाव मिळाले.

जठरातील व्रणाचे मूळ जठरात नसून दुसऱ्याच अवयवात असू शकते, ही कल्पना तेव्हा नवी होती. ज्या रुग्णांना आजवर ‘पथ्य पाळीत नाहीत’ किंवा ‘मनाने दुर्बळ आहेत’ असे ऐकून घ्यावे लागत होते, त्यांच्यापैकी काहींच्या दुखण्याला प्रथमच खरे कारण मिळाले.

द्रव्याचा शोध

ते द्रव्य कोणते, याचे उत्तर मिळण्यास आणखी काही वर्षे लागली. त्याची कहाणी मात्र अर्धशतक आधीच सुरू झाली होती. १९०५ साली लंडनमधील जॉन एडकिन्स यांनी जठराच्या शेवटच्या भागातील अस्तराचा अर्क काढून तो प्राण्यांना टोचला, तेव्हा आम्लाचा स्राव वाढलेला त्यांना दिसला. त्या द्रव्याला त्यांनी गॅस्ट्रिन हे नाव दिले. पुढे जठराच्या अस्तरात हिस्टामीन सापडले आणि तेही आम्ल वाढविते हे दिसून आले. त्यामुळे एडकिन्स यांचे गॅस्ट्रिन म्हणजे हिस्टामीनच असावे असे ठरवून अनेकांनी त्यांचा शोध बाजूला सारला. त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण ते सिद्ध होण्यास दीर्घकाळ जावा लागला.

इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. १९६० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी झॉलिंजर-एलिसन विकाराच्या एका रुग्णाच्या गाठीतून गॅस्ट्रिनसारखे द्रव्य वेगळे केले. १९६४ मध्ये डुकराच्या जठरापासून शुद्ध गॅस्ट्रिन मिळविण्यात त्यांना यश आले. अशा रीतीने एडकिन्स यांचा १९०५ मधील शोध आणि कोलंबसमधील १९५५ चा तर्क यांची सांगड बसली. गाठ गॅस्ट्रिन सोडते, म्हणून आज तिला गॅस्ट्रिनोमा असे म्हणतात.

पुढील संशोधनाने मूळ वर्णनात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. या गाठी केवळ स्वादुपिंडातच असतात असे नाही. त्यांतील पुष्कळशा ग्रहणीच्या भिंतीत असतात आणि त्या बहुधा एक सेंटिमीटरपेक्षाही लहान असतात. हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ सबंध जठराला वेठीस धरू शकते, ती या संप्रेरकाच्या बळावर.

लक्षणे आणि संशयाची वेळ

पाश्चात्त्य देशांतील अंदाजानुसार हा विकार दर दहा लाख लोकसंख्येत वर्षाला फार तर एक ते तीन जणांना होतो. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. तोच दर आपल्याकडे धरला, तर सबंध जिल्ह्यात वर्षाला एखाद-दुसरा नवा रुग्ण असावा. एवढ्या थोड्या रुग्णांमुळे एखाद्या डॉक्टराला सबंध कारकिर्दीत असा रुग्ण न भेटणेही शक्य आहे. निदान लांबण्याचे हे एक मोठे कारण आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २६१ रुग्णांचा जो अभ्यास झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी पाच वर्षांहून थोडा अधिक काळ गेल्याचे आढळले. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना पोटदुखी होती, आणि जवळजवळ तितक्याच जणांना जुलाब होते. ही दुसरी गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. व्रणाच्या नेहमीच्या रुग्णाला जुलाब होत नाहीत. या विकारात मात्र आम्लाचा एवढा मोठा लोंढा आतड्यात उतरतो की स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस त्याला पुरा पडत नाही. स्निग्ध पदार्थ पचविणारे विकर आम्लात निष्क्रिय होते, आतड्याच्या अस्तराला इजा पोहोचते आणि महिनोन् महिने पातळ शौचास होत राहते. आम्लरोधक गोळी घेतली की हे जुलाब थांबतात आणि गोळी सोडली की पुन्हा सुरू होतात. ही खूण दिसली तर ती डॉक्टरांना अवश्य सांगावी, कारण पोटदुखी आणि जुलाब ही दोन स्वतंत्र दुखणी समजून रुग्ण एकाच वेळी दोन ठिकाणी औषध घेत असतो आणि दोहोंचा संबंध कोणाच्याच लक्षात येत नाही.

पुढील परिस्थितीत या विकाराचा विचार व्हावा, असे तज्ज्ञ मानतात :

१. जंतूची तपासणी नकारार्थी आहे, वेदनाशामक गोळ्यांचा इतिहास नाही, आणि तरीही व्रण आहे.
२. एकाच वेळी अनेक व्रण आहेत, किंवा व्रण ग्रहणीच्या नेहमीच्या जागेपलीकडे आहे.
३. पूर्ण उपचारानंतर व्रण पुन्हा होतो, अथवा गोळी बंद करताच तीव्र त्रास सुरू होतो.
४. व्रणासोबत दीर्घकाळ चालणारे जुलाब आहेत.
५. दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या अस्तराच्या वळ्या असाधारण जाड दिसतात.
६. रुग्णाला वारंवार मूतखडे होतात, रक्तातील कॅल्शियम वाढलेले आहे, अथवा घरातील इतरांनाही अशाच गाठींचा इतिहास आहे.

निदान कसे होते

संशय आल्यास उपाशीपोटी रक्तातील गॅस्ट्रिनचे प्रमाण मोजले जाते. निरोगी व्यक्तीत ते साधारणतः एका मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅमच्या आत असते. ते १,००० च्या वर असेल आणि त्याच वेळी जठररसाचा सामू २ किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे रस तीव्र आम्लधर्मी असेल, तर निदान बहुतांशी निश्चित होते. दोन्ही मोजमापे आवश्यक आहेत. कारण गॅस्ट्रिन इतर कारणांनीही वाढते. जठराचे अस्तर झिजून आम्लच तयार होत नसेल, तर शरीर ते तयार करण्यासाठी गॅस्ट्रिन वाढवीत राहते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्यांनीही तेच घडते. म्हणून केवळ गॅस्ट्रिनचा आकडा मोठा आला म्हणून घाबरून जाऊ नये. प्रमाण मधल्या पातळीत असेल तर सिक्रेटिन या दुसऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन गॅस्ट्रिनमधील बदल पाहिला जातो. ही चाचणी सर्वत्र उपलब्ध नसते.

येथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. चाचणी अचूक यावी म्हणून आम्लरोधक गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ज्याला खरोखर हा विकार आहे, त्याचे आम्ल गोळी थांबताच उसळते आणि व्रण फुटण्याचे किंवा रक्तस्राव होण्याचे भय असते. गोळी केव्हा, किती दिवस आणि कोणत्या देखरेखीखाली थांबवावी, हे तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते.

निदानानंतर गाठ कोठे आहे हे शोधावे लागते. सीटी स्कॅन, एमआरआय आणि दुर्बिणीच्या टोकाला ध्वनिलहरींचे यंत्र जोडून केलेली तपासणी यांचा त्यासाठी उपयोग होतो. सर्वांत उपयुक्त ठरलेली पद्धत या गाठींच्या एका स्वभावावर आधारलेली आहे. त्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिनला पकडून ठेवणारे ग्राहक मोठ्या संख्येने असतात. सोमॅटोस्टॅटिनसारख्या रेणूला गॅलियम-६८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून ते रक्तात सोडले, तर ते गाठीपाशी जमा होते आणि पेट स्कॅनच्या चित्रात गाठ उजळून दिसते.

या तंत्राचा आपल्या राज्याशी जवळचा संबंध आहे. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून काम करीत आहे. गाठ इतरत्र पसरली असेल तर त्याच रेणूला गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ जोडून ते उपचारासाठी दिले जाते. त्याचे किरण गाठीतील पेशींचा नाश करतात. हे ल्युटेशियम तुर्भे येथील ध्रुव या अणुभट्टीत तयार होते. परदेशातून आणावे लागणारे महागडे औषध येथेच तयार झाल्याने अशा अनेक रुग्णांना उपचार आवाक्यात आले.

उपचारांचा पालटलेला काळ

१९५५ मध्ये या विकारावर खात्रीचा एकच उपाय होता. आम्ल तयार करणारा अवयवच, म्हणजे संपूर्ण जठर, काढून टाकणे. रुग्णाचा जीव वाचे, परंतु पुढील आयुष्य थोडथोडे अन्न घेत, जीवनसत्त्वांची इंजेक्शने घेत काढावे लागे. १९७६ साली जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले सिमेटिडीन हे हिस्टामीनचा परिणाम रोखणारे औषध ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले. या कामाबद्दल ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याच वर्षी ओमेप्राझोल हे त्याहून प्रभावी औषध रुग्णांपर्यंत पोहोचू लागले. ते आम्ल तयार करणाऱ्या पेशीतील पंपच बंद करते. आज योग्य मात्रेत हे औषध घेतल्यास आम्ल जवळजवळ प्रत्येक रुग्णात आटोक्यात ठेवता येते आणि जठर काढण्याची पाळी सहसा येत नाही.

मग प्रश्न संपला का? तसे नाही. आम्ल आटोक्यात आले तरी गाठ राहतेच. गॅस्ट्रिनोमा ही बहुधा मंदगतीने वाढणारी गाठ असली, तरी निम्म्याहून अधिक रुग्णांत ती कर्करोगाच्या स्वरूपाची असते आणि यकृतापर्यंत पसरू शकते. पूर्वी रुग्ण व्रणाने दगावत, आता त्यांचे भवितव्य मुख्यतः गाठीच्या प्रसारावर अवलंबून असते. म्हणून गाठ एका जागी असेल आणि वेळेत सापडली, तर शस्त्रक्रियेने ती काढून टाकणे हाच पूर्ण बरे होण्याचा मार्ग आहे. येथेच आजच्या काळातील एक विसंगती ध्यानात येते. गोळी इतकी परिणामकारक आणि इतकी सहज उपलब्ध आहे की ती घेणाऱ्याला बरे वाटते, तपासणी पुढे ढकलली जाते, आणि गाठ तोवर निवांतपणे वाढत राहते.

कुटुंबाचा विचार

या विकाराच्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाला तो आनुवंशिक स्वरूपात असतो. त्यात स्वादुपिंड, मानेतील परावटू ग्रंथी आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी या तीन ठिकाणी गाठी होण्याची प्रवृत्ती असते. तिला कारण असलेले जनुक अकराव्या गुणसूत्रावर असून ते १९९७ मध्ये ओळखले गेले. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. परावटू ग्रंथीच्या वाढीने रक्तातील कॅल्शियम वाढते आणि त्यातून मूतखडे होतात. म्हणून एकाच घरात कोणाला वारंवार मूतखडे, कोणाला हट्टी व्रण, असा इतिहास असेल तर तो एकत्रितपणे डॉक्टरांपुढे मांडावा. असा आजार कोणाच्या पूर्वकर्माने किंवा कोणाच्या करणीने होत नाही. तो जनुकातील दोषाने होतो आणि रक्ताच्या तपासणीने वेळेवर कळू शकतो. सून घरात आल्यापासून आजार शिरला, अशी भाषा जेथे ऐकू येते, तेथे ही माहिती पोहोचणे विशेष गरजेचे आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ

या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली मुले-मुली आज खेडोपाडी शिक्षक, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, औषधविक्रेते, कर्मचारी आणि शेतकरी म्हणून उभी आहेत. आजारी माणूस पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी त्यांनाच विचारतो. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या तरी मोठे काम होईल.

पहिली, आम्लाची गोळी दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ लागत असेल तर डॉक्टरांना भेटून कारण शोधावे. दुसरी, अंगदुखीची गोळी कोणती व किती दिवस घेतली, हे डॉक्टरांपासून लपवू नये. तिसरी, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे, अकस्मात असह्य पोटदुखी होऊन पोट फळीसारखे कडक होणे, कारणाविना वजन घटणे, घास अडकणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळी होते, तरी खात्री तपासणीनेच करावी. रक्ताची उलटी किंवा असह्य पोटदुखी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चौथी, प्रत्येक तपासणीचे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. दुर्मिळ आजाराचे निदान अनेकदा एका चाचणीत होत नाही. चार वर्षांचे कागद एकत्र पाहिल्यावर ते होते.

हिंगोलीच्या रुग्णांना पूर्वी दुर्बिणीच्या तपासणीसाठी किंवा तज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी बहुधा नांदेड, परभणी अथवा संभाजीनगरची वाट धरावी लागे. २०२४ मध्ये हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पुढील उपचारासाठी मोठ्या शहरात जावे लागलेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणते उपचार मिळू शकतात, याची चौकशी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. पैशाच्या भयाने तपासणी टाळण्याआधी ही चौकशी अवश्य व्हावी.

कोलंबसमधील त्या दोन स्त्रियांची नावे जगाला ठाऊक नाहीत. त्यांच्या व्रणांचे उत्तर सापडले, कारण दोन शल्यचिकित्सकांनी ‘पुन्हा का झाला?’ हा प्रश्न रुग्णावर न ढकलता स्वतःला विचारला. आपल्या घरात, शेजारी किंवा वाडीवस्तीवर कोणाची पोटदुखी वर्षानुवर्षे चालली असेल, तर तिच्या ताटातील मिरच्या मोजण्याआधी तिचे जुने कागद पाहावेत, जंतूची तपासणी झाली आहे का हे विचारावे आणि तिला घेऊन रुग्णालयात जावे. बहुतेकांच्या बाबतीत साधे कारण सापडेल आणि चौदा दिवसांच्या औषधाने आराम पडेल. क्वचित एखाद्याच्या बाबतीत हरभऱ्याएवढी गाठ सापडेल. ती वेळेत सापडली, तर त्या माणसाची पुढील अनेक वर्षे वाचतील.